सील बिचारं निर्दोष असतं

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘मोटारसायकलच्या शॉकअपचं गळकं सील घरच्या घरी बदला’. हे शीर्षक समितीचं. मी सुचवलं होतं, ‘सील बदलण्याची घाई करू नका’. समिती म्हणाली, असं लिहिलं तर कुणी यायचं नाही. म्हणून तुम्ही बदलायला शिकायला आलात आणि मी तुम्हाला थांबवायला आलोय. चालेल ना? चालवून घ्या, चहा आधीच झालाय.

पुढच्या शॉकअपची रचना तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा थोडक्यात. वरून क्रोम केलेला पाइप येतो, तो खालच्या अॅल्युमिनियमच्या बॉटममध्ये खालीवर होतो. आत स्प्रिंग आणि तेल. बॉटमच्या तोंडाशी ऑइल सील, ते उडून येऊ नये म्हणून त्यावर तारेचं लॉक, आणि सगळ्यात वर धुळीसाठी डस्ट सील. सील म्हणजे पत्र्याच्या कड्यावर बसवलेलं नायट्राइल रबर. त्याला पातळ ओठ असतो आणि ओठाच्या मागे केसासारखी बारीक गोल स्प्रिंग. ती ओठ पाइपवर दाबून धरते.

हा ओठ कोरड्या पाइपवर चालत नाही, तेलाच्या अगदी पातळ थरावर चालतो. म्हणून पाइपवरून बोट फिरवल्यावर बोट जरासं तेलकट झालं तर घाबरून गॅरेजला पळू नका. पाइपवर तेलाचं ठळक कडं उमटलं की लक्ष ठेवा. ओघळ बॉटमवरून खाली ब्रेकच्या कॅलिपरपर्यंत पोचला की गाडी चालवू नका. तेल लागलेले पॅड ब्रेक धरत नाहीत, आणि ते कळतं नेमकं एसटी समोर आल्यावर.

आता जरा मागे जातो. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला हे दुखणंच ठाऊक नव्हतं, कारण ती पिढी स्कूटरवर वाढली. १९७२ साली चेतक आली आणि पुढे कित्येक वर्षं घरातली गाडी म्हणजे चेतक. तिचं पुढचं चाक एका बाजूच्या आर्मवर, एक स्प्रिंग आणि तिची उसळी जिरवणारा एक छोटा डँपर. डँपर गेला की नवा लावायचा, विषय संपला. फारच मोडला तर तसंच चालवायचं, आणि मागे बसणारीने तक्रार करायची. मोटारसायकलचे पुढचे दोन्ही पाय, म्हणजे शॉकअप, तेलाने भरून त्यांना डँपिंग देण्याचा उद्योग विक्रीच्या गाडीवर पहिल्यांदा बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर-१२ वर केला. त्याआधी पुढच्या चाकाला सर्रास गर्डर फोर्क, म्हणजे सांध्यांवर हलणारे बिनतेलाचे पाय असायचे. ग्रीस लावायचं, घर्षणाच्या चकत्या आवळायच्या. तेलच नाही तर गळणार काय? म्हणजे आजची आपली सभा एका अर्थी त्या १९३५ सालामुळे भरली आहे.

मी स्वतः भोसरीत हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीवर आयुष्य काढलं. तिथे सिलिंडर गळायला लागला की नवा पोरगा धावत स्टोअरला जायचा सील आणायला. आमचे फोरमन त्याला दारातच अडवायचे. आधी रॉड पुसून आण, मग रॉडवर नख फिरव, मग मला सांग. रॉडवर ओरखडा असेल तर नवं सील घालणं म्हणजे करवतीवर पाव ठेवणं. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे, फक्त प्रेसच्या जागी मोटारसायकल.

याचं उदाहरण माझ्या पुतण्याचं. तो कराडला असतो, रोजची जा-ये दीडशे सीसीच्या गाडीवर. ऊसतोडीच्या दिवसांत तिकडचे रस्ते तुम्ही पाहिले असतील. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर काळ्या रानातून डांबरीवर येतो आणि चाकांना धरून आलेला चिखल मैलभर सांडत जातो. पुढची गाडी तो उडवते, तो येऊन बसतो तुमच्या पाइपवर. संध्याकाळपर्यंत वाळतो. दिसायला माती, पण त्यात बारीक खडे आणि वाळू असतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या स्पीडब्रेकरला पाइप खाली जातो आणि हा सगळा वाळका थर डस्ट सीलखाली ओढला जातो.

तर पुतण्याचं डावं शॉकअप गळायला लागलं. गॅरेजमध्ये सील बदललं. पावसाळ्यापर्यंत कोरडं, मग परत गळती. गॅरेजवाला म्हणाला, सील लोकल होतं, आता कंपनीचं टाकू. टाकलं. परत तेच. मग म्हणाला, रस्तेच असे आहेत. बरं, रस्ते. पुढच्या खेपेला म्हणाला, पाइप वाकलाय, जोडीच बदलावी लागेल, आणि आकडा सांगितला. आकडा ऐकून पुतण्याला काका आठवला. आमच्या घराण्यात काकाची आठवण अशीच येते.

मी फोनवर म्हटलं, गाडी मेन स्टँडवर घे, पाइप रॉकेलच्या फडक्याने पूस, आणि नख वरून खाली फिरव, चारी बाजूंनी. तो म्हणाला, काही लागत नाही. मी म्हटलं, मागच्या बाजूने फिरव. तिकडे कुणी बघत नाही. नख अडकलं. डस्ट सीलच्या वर तीन बोटांवर, खसखशीच्या दाण्याएवढा खड्डा. गंजाने क्रोम उडालं होतं आणि कडा धारदार.

आता बघा, तीन बोटांवर म्हणजे काय. गाडी नुसती उभी असते तेव्हा ती जागा सीलच्या बाहेर, अगदी निरुपद्रवी. पुढचा ब्रेक दाबला की नाक खाली जातं आणि हा दाणा सीलच्या ओठावरून आत जातो, सोडला की बाहेर येतो. कराड ते सातारा किती वेळा ब्रेक दाबला जातो याचा हिशेब ज्याने तो रस्ता केलाय त्याने करावा. प्रत्येक फेरीला ओठ थोडा कापला जातो. असं असताना नवं सील कितीही चांगलं असलं तरी वाचायचं कसं? गॅरेजवाल्याने एकदाही नख फिरवलं नाही. सील बदलायला तास-दीड तास जातो, नख फिरवायला दोन मिनिटं. पण दोन मिनिटांचं बिल करता येत नाही, हे मला समजतं.

पाइप वाकडा नव्हताच. काढून जाड काचेवर लोळवला, सरळ लोळला. खड्ड्याच्या कडा बारीक ऑइलस्टोनने मोडल्या, खड्डा पेट्रोलने धुऊन वाळवला, त्यात दोन नळ्यांचं अराल्डाइट भरलं, वाळल्यावर हजार नंबर आणि मग दोन हजार नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने पाइपशी सपाट केलं. एक गोष्ट लक्षात ठेवा, पॉलिश पेपर पाइपभोवती गोल फिरवायचा, वरखाली नाही. उभे ओरखडे म्हणजे तेलाला बाहेर यायला पाट काढून दिल्यासारखे. खड्डे जास्त असतील, क्रोमचे पोपडे निघत असतील, तर हे मलमपट्टीचं काम करू नका. हार्ड क्रोमवाल्याकडे द्या. तो जुनं क्रोम काढतो, नवं चढवतो आणि ग्राइंडिंग करून मूळ मापावर आणतो. हायड्रॉलिकचे रॉड करतात तीच माणसं, आपल्या एमआयडीसीत मिळतात.

हा पाइप टेबलावर ठेवला आहे. पुतण्याचा नाही, भंगारातून आणलेला, पण खड्डे अस्सल आहेत. नंतर नख फिरवून बघा.

याच्याच शेजारची दोन दुखणी सांगतो. एक, वॉशिंग सेंटरची ती पाण्याची बंदूक. पोरगं चाक धुता धुता नोजल डस्ट सीलवरच रोखतं. वरून येणारी धूळ अडवायला केलेलं ते रबर, त्याच्यावर एवढा दाब मारला की पाणी आणि माती आत जाणारच. त्याला सांगा, पाइपला लांबून, नाहीतर मी ओल्या फडक्याने पुसतो. दोन, फॅशन. जुन्या गाड्यांना पाइपवर पत्र्याची नळकांडी नाहीतर रबराचे भाते असायचे. मग कुणाला तरी उघडा चकचकीत पाइप देखणा वाटला आणि सगळ्यांनी भाते काढून टाकले. भाते परत लावता येतात, स्वस्त मिळतात. पण लावून विसरू नका. खाली पाणी साचलं तर भात्याच्या आतच गंज चढतो आणि तो दिसतही नाही. भाता असलेल्या पाइपची तपासणी पावसाळ्यानंतर एकदा तरी वर सरकवून व्हायला हवी. यावर आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांशी माझा वाद आहे, पण ते आज आलेत, म्हणून पुढे जातो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता सुरू होतो.

पहिला उपाय बदलण्याचा नाहीच. डस्ट सील चपट्या स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून हळूच वर सरकवा. खाली वाळकी माती दिसेल, ती पुसा. मग कॅमेऱ्याच्या जुन्या निगेटिव्हची पट्टी किंवा एक्सरेची फिल्म कापून घ्या, टोकाला छोटा आकडा करा, सील आणि पाइपच्या मधून खाली सारा, गोल फिरवत वर ओढा. ओठाखाली अडकलेला कण बाहेर येतो. पुढचा ब्रेक धरून गाडी दाबा, पुसा, परत फिल्म फिरवा. दोन दिवस चालवून बघा. गळती केवळ कचऱ्याने असेल तर इथेच थांबते.

नाही थांबली आणि पाइप चांगला आहे, तर सील बदला. दोन्ही बाजूंची. पुढचं चाक जागेवर असतानाच दोन गोष्टी ढिल्या करायच्या. बॉटमच्या तळाचा एलन बोल्ट अर्धा आटा आणि, वरच्या टीचा, म्हणजे दोन्ही पाइप वर धरणाऱ्या पकडीचा, बोल्ट सैल करून, पाइपची टोपी. नंतर हे फार छळतात. तळाचा बोल्ट फिरवताना आतला रॉडच गोल फिरू लागतो. तसं झालं तर स्प्रिंग आत असू द्या, पाइप दाबून धरा आणि मग बोल्ट सोडा. स्प्रिंग काढून बसला असाल तर झाडूच्या लाकडी दांड्याचं टोक निमुळतं करून आत ठोका आणि रॉड धरून ठेवा.

इंजिनखाली भक्कम लाकडी ठोकळा लावून चाक काढा. कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नका, सुतळीने वर बांधा, पॅडच्या मध्ये लाकडाची चीप घाला आणि घरातल्या पोरांना सांगा, लिव्हर दाबायचा नाही. पाय खाली ओढून काढा. टोपी शेवटच्या आट्याला स्प्रिंगने उडते, तोंड बाजूला ठेवा. जुनं तेल डब्यात ओता. वास घाण येतो, तो तसाच असतो. ते मोरीत नाही, गॅरेजच्या जळक्या तेलाच्या डब्यात.

लॉक काढा, तळाचा बोल्ट काढा, पाइप बाहेर. काही गाड्यांत पाइप जोरात झटकला की आतला बुश सीलला घेऊनच बाहेर येतो. बाकीच्यांत सील उचकटावं लागतं. तेव्हा बॉटमच्या कडेवर लाकूड किंवा जाड फडकं ठेवूनच टायर लिव्हर लावा. अॅल्युमिनियमला ओरखडा गेला तर नवं सील बाहेरच्या बाजूने गळेल आणि तुम्ही पाइपला दोष द्याल.

नव्या सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुन्याशी ताडून घ्या. पाइपच्या वरच्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढा, तेल लावा, त्यावरून आधी ऑइल सील सरकवा. ऑइल सीलची बारीक स्प्रिंग खाली, तेलाकडे. उलटं बसवलं तर ओठ तेल अडवायच्या ऐवजी बाहेर सोडतो. जुनं सील वर ठेवून बसेल त्या मापाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने चारी बाजूंनी सारखं ठोका. लॉकची खाच पूर्ण दिसली की बसलं. मग त्यावर लॉक, आणि शेवटी डस्ट सील. तळाच्या बोल्टला तांब्याचा वॉशर नवा.

तेल फोर्कचंच. बऱ्याच देशी गाड्यांना दहा नंबरचं चालतं, पण गाडीचं पुस्तक बघा. इंजिनाचं २०-५० उरलंय म्हणून ते ओतू नका. गाडी दगडासारखी होते. दर पायी मिलीलिटर पुस्तकात दिलेले असतात, मोजपात्राने दोन्हीकडे सारखे घ्या. जुनं निघालं तेवढं घालायचं हे चूक, कारण थोडं गळून गेलेलं असतं. आणि जास्त घालू नका. वर हवेला जागा कमी राहिली की दाबाने नवं सीलही गळतं. पाइप सावकाश खालीवर करून हवा काढा, स्प्रिंग, टोपी, बाकी उलट्या क्रमाने. एक्सलची खालची पकड आवळण्याआधी गाडी चार वेळा दाबा म्हणजे पाय आपापल्या जागी बसतील. पॅड तेलाने भिजले असतील तर नवे घाला, डिस्क पेट्रोलने पुसा. आणि हलण्याआधी ब्रेकचा लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबाला तो पोकळच असतो.

दुसरी चिठ्ठी आली. उलट्या फोर्कवाल्यांनो, तुमच्यात पाइप खाली आणि सील तेलाच्या खाली असतं, त्यामुळे गळती सुरू झाली की सगळं तेल भरभर बाहेर येतं आणि थेट ब्रेकवर. खोलण्याची पद्धत वेगळी आहे. निगेटिव्हची पट्टी मात्र तुम्हालाही चालते.