पत्रिकेवर बुद्ध छापायला नकार: श्रद्धा कुठवर, भेदभाव कुठून?

(लग्नपत्रिका हातात धरून)

नमस्कार मंडळी. ही पत्रिका बघा, जरा जवळ धरतो. वर मधोमध बुद्धाचं चित्र, त्याखाली 'नमो बुद्धाय', आणि मग सगळं तुमच्याआमच्या घरच्या पत्रिकेसारखंच. वधू, वर, काका-मामांची रांग, आणि तळाला 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी दोन चिमुरड्यांची नावं. ही माझ्या मित्राच्या बहिणीची पत्रिका. ती छापून घेताना जे झालं, ते गेले कित्येक महिने माझ्या डोक्यातून जात नाही.

बेळगावातलं एक छपाईचं दुकान. नाव घेणार नाही. मी मित्रासोबत गेलो होतो. काउंटरवर नमुन्यांचा जाडजूड अल्बम होता, तो चाळत बसलो. गणपतीचेच कितीतरी प्रकार, विठ्ठल-रखुमाई, कन्नडमधल्या लिंगायत लग्नाच्या पत्रिका, चांदतारा असलेली निकाहची, क्रॉस असलेली खानापूरकडच्या ख्रिश्चन कुटुंबाची. मित्रानं मजकुराचा कागद पुढं केला. मालकांनी वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे आमच्याकडं होत न्हाई ओ. आम्ही देवाधर्माची माणसं, मशीनची पूजा करून काम सुरू करतो. दुसरीकडं बघा की."

आवाज चढवला नाही. शिवी नाही. चहासुद्धा विचारला. मित्रानं कागदाची चौपदरी घडी केली, खिशात घातली आणि उठला.

आता पहिला प्रश्न प्रामाणिकपणे विचारूया. एखाद्याच्या श्रद्धेविरुद्धचा मजकूर त्याच्याकडून जबरदस्तीनं छापून घ्यावा का? माझं उत्तर, नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचं स्वातंत्र्यही येतं. १९८५ मध्ये केरळच्या तीन शाळकरी मुलांनी, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातल्या, श्रद्धेपोटी राष्ट्रगीत गायला नकार दिला होता. ती उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेनं काढून टाकलं, आणि १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. म्हणजे छापखान्याच्या मालकालाही अंतःकरण आहे, हे मान्य करूनच पुढं जाऊ.

हाच पेच परदेशात केकवरून आला होता. बेलफास्टमधल्या एका बेकरीत एका गिऱ्हाइकानं समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी घोषणा लिहिलेला केक मागितला. बेकरीवाले श्रद्धाळू ख्रिश्चन, त्यांनी नकार दिला. २०१८ मध्ये ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट बेकरीच्या बाजूनं उभं राहिलं. कारण काय दिलं ते नीट ऐका: आक्षेप माणसाला नव्हता, मजकुराला होता. तीच घोषणा दुसऱ्या कुणी मागितली असती तरी त्यांनी लिहिली नसती. अमेरिकेचं कोर्ट २०२३ मध्ये याच्याही पुढं गेलं. कोलोरॅडोतल्या एका वेबसाइट बनवणाऱ्या बाईंना समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या वेबसाइट बनवायला भाग पाडता येणार नाही, असं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरलं. मला बेलफास्टची कसोटी पटते, अमेरिकेची पटत नाही. लग्नाच्या प्रत्येक कामाला 'माझं म्हणणं' म्हणायला लागलं, तर उद्या मांडववाला आणि आचारीही तेच म्हणेल.

तर बेलफास्टची कसोटी आपल्या दुकानाला लावू. मालकांचा आक्षेप मजकुराला होता का? अल्बममध्ये क्रॉस होता, चांदतारा होता. दुसऱ्याच्या धर्माचं चिन्ह छापायला त्यांची हरकत नव्हती. हरकत एकाच चिन्हाला होती. आणि पत्रिकेच्या माथ्यावर बुद्ध दिसला की आपल्या भागात लोक काय वाचतात? धर्म नाही वाचत. जात वाचतात. तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही आहे. त्या कागदावर कुणाच्या देवाविरुद्ध एक अक्षर नव्हतं. फक्त लग्न कुणाचं आहे ते कळत होतं.

इथं आपला कायदा लागतो. घटनेचा अनुच्छेद १५(२) म्हणतो की दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरात केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही आडकाठी करता येणार नाही. हे बंधन फक्त सरकारला नाही, दुकानदारालाही आहे. आणि १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. आधी त्याचं नाव अस्पृश्यता (गुन्हे) कायदा होतं, १९७६ च्या दुरुस्तीत बदललं. त्याचं कलम ६ अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकायला किंवा सेवा द्यायला नकार देणं हा गुन्हा ठरवतं. एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. आणि कलम १२ पाहा: गिऱ्हाईक अनुसूचित जातीचं असेल, तर नकार अस्पृश्यतेपोटीच दिला असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दुकानदारानं सिद्ध करायचं. १९९० पासून अनुसूचित जातींच्या यादीत बौद्ध धर्म स्वीकारलेलेही येतात, त्यामुळे धर्म बदलला म्हणून हे संरक्षण जात नाही.

आता बोलण्याकडं येऊ. दुकानदारानं नकार दिला ती कृती झाली. पण कुणी स्वामीजी, कीर्तनकार, मौलाना, पास्टर नुसतं बोलला तर? माझाच मार्ग खरा, मांस खाऊ नका, अमुक केलं तर पाप लागेल, हे सगळं तो खुशाल सांगू शकतो. अनुच्छेद २५ धर्माचा प्रचार करायचा हक्क देतो. तुम्हाला ते आवडो न आवडो. पण एका ठिकाणी आपला कायदा बोलणाऱ्याचंही तोंड धरतो, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच १९५५ च्या कायद्याच्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की अस्पृश्यतेचं समर्थन ऐतिहासिक, तात्त्विक किंवा धार्मिक आधारावर केलं, जातिव्यवस्थेची परंपरा म्हणून केलं, तरी ते अस्पृश्यतेला चिथावणी देणंच आहे. पोथीत लिहिलंय म्हणून सांगतो, ही सबब चालत नाही.

एवढं कडक का? आमच्या आजीच्या गावातली विहीर मी पाहिलीय. दगडी, पायऱ्यांची, चारी बाजूंनी उघडी. तिला कधी कुलूप नव्हतं. 'शिवू नको' हे दोन शब्द पुरत होते. जिथं शब्दच दार होता, तिथं शब्दाला मोकळं सोडून दार कसं उघडणार?

मात्र याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा कुणी जाहीर म्हटल्या, की 'आमच्या भावना दुखावल्या' अशी ओरड होते. पहिल्याच प्रतिज्ञेत ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही असं आहे ना. पण 'मी मानत नाही' म्हणणं म्हणजे अपमान नव्हे, ते अंतःकरणाचं स्वातंत्र्य आहे. धर्माच्या अपमानाचं जुनं कलम २९५अ, आता भारतीय न्याय संहितेचं २९९, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेल्या अपमानापुरतंच आहे. १९५७ मध्ये रामजी लाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते कलम वैध ठरवताना हेच सांगितलं, की नकळत किंवा बेफिकिरीनं झालेला अपमान त्यात बसत नाही.

देवळांचं थोडक्यात सांगतो. आपल्याच कर्नाटकातलं, मुल्कीचं गौड सारस्वतांचं वेंकटरमण देऊळ. आमच्या पंथाचं देऊळ, आत कोण येणार ते आम्ही ठरवू, असं म्हणणं होतं. १९५७ मध्ये कोर्ट म्हणालं, दार सगळ्या हिंदूंना उघडं, पण काही खास विधी पंथानं आपल्यापुरते ठेवले तर चालतील. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो.

आता आपल्या दाराशी आलेली गोष्ट. डिसेंबर २०२५ मध्ये इथंच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, कर्नाटक विधानसभेनं द्वेषपूर्ण भाषण रोखण्याचं विधेयक मंजूर केलं. हेतूला माझा विरोध नाही. पण मला धास्ती आहे, आणि ती सीमाभागातल्या माणसाची धास्ती आहे. दर १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीला परवानगी मिळणार की नाही, या काळजीत आम्ही वाढलोय. 'द्वेष' या शब्दाचा अर्थ खुर्चीवरचा माणूस लावतो. म्हणून मला १९५५ च्या कायद्यासारखी नेमकी ओळ हवी, ज्यात काय बोलायचं नाही ते स्वच्छ कळतं.

आणि हो, अनुच्छेद १५ ची यादी पुन्हा आठवा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. भाषा नाही त्यात. भाषा येते ती २९(२) मध्ये, सरकारी आणि अनुदानित शाळा-कॉलेजांच्या प्रवेशापुरती. म्हणजे मराठी बोलतो म्हणून, किंवा कन्नड बोलतो म्हणून, दुकानदारानं हाकललं तर १५(२) उपयोगाला येत नाही.

हे सांगतोय कारण तो छापखान्याचा मालकही मराठीच आहे. १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधतो. पाटीवरच्या मराठी अक्षरांसाठी हेलपाटे घातलेला माणूस आहे. टोमणा म्हणून सांगत नाही. आपल्यावर होतो तो अन्याय त्याला लांबून ओळखू येतो, आणि आपल्या काउंटरवरचा दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी परत जाऊन त्याच्याशी बोललो. तासभर. त्यानं ऐकून घेतलं. पटलं की नाही ते सांगितलं नाही.

मित्रानं तक्रार केली नाही. लग्न पंधरा दिवसांवर होतं, घरात पाहुणे यायला लागले होते. पत्रिका निपाणीला छापून आणली. पण तुमच्यावर अशी वेळ आली तर ध्यानात ठेवा, हा दखलपात्र गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात थेट तक्रार देता येते, आधी कोर्टात जायची गरज नाही. मजकुराचा कागद जपून ठेवा, सोबतच्या माणसाचं नाव साक्षीदार म्हणून द्या, आणि नकाराचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून काढा.

घरभाड्याचा विषय यात आणला नाही. आडनाव विचारून खोली नाकारणाऱ्यांना कोणता कायदा अडवतो आणि कुठं कमी पडतो, यावर वेगळा व्हिडिओ करतोय. तुमचे अनुभव लिहून पाठवा, घरमालकाचं नाव मात्र घालू नका.