राखेत काय उरतं, धुरात काय जातं

मंडळी, येताना मी पिशवीतून दोन पानं आणली आहेत. दोन्ही ऐन या जंगली झाडाची, एकाच झाडाची. एक आज सकाळी फांदीवरून काढलेलं, अजून हिरवं. दुसरं त्याच झाडाखाली पडलेलं, तपकिरी. दोन्ही समोरून फिरवतो, हातात घेऊन बघा. हिरवं पान उलटं करा. देठाजवळ पानाच्या पाठीवर दोन बारीक गाठी दिसतील. त्या ऐनाच्या ग्रंथी. या दोन पानांतला खरा फरक मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि आजचं माझं बोलणं त्या फरकाबद्दलच आहे.

माघ लागला की आमच्याकडे कवळतोड, म्हणजे पाल्यासकट फांद्यांची तोड, सुरू व्हायची. आजोबा कोयता घेऊन ऐनावर चढायचे, आजी खाली भारे बांधायची. ते भारे खाचराच्या, म्हणजे भातशेताच्या, कडेला वाळत पडायचे. चैत्र-वैशाखात राब भाजायचा, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर, दाढीवर, पालापाचोळा रचून जाळायचा. तळाला शेणाचा चुरा, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पातेरा (गळलेली पानं), आणि सगळ्यावर मातीची पातळ पसर. पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट्या अंगानं, म्हणजे जाळ धावत सुटत नाही, इंचाइंचानं पुढे सरकतो. वरच्या मातीमुळे राख उडत नाही आणि धग खाली उतरते. दुसऱ्या दिवशी आजी अनवाणी पायानं दाढीच्या कडेला उभी राहून जमीन किती निवली ते बघायची. हे सगळं तिला कोणी शिकवलं, मला माहीत नाही. पण जंगलातली ऊर्जा, कार्बन आणि खतद्रव्यं कुठून कुठे जातात हे समजून घ्यायला याहून चांगला धडा मला पुढे कुठल्या प्रयोगशाळेत मिळाला नाही.

आधी ऊर्जेचं बघू. पानावर पडणाऱ्या उन्हातलं शेकडा एक टक्का, पुष्कळदा त्याहूनही कमी, झाडाच्या अंगी लागतं. तेवढ्यावर पूर्ण जंगल उभं आहे. एक किलो वाळलेल्या पाल्यात साधारण ४००० किलोकॅलरी असतात. त्या सुरवंटानं खाल्ल्या तर त्यातला थोडा भाग सुरवंटाच्या अंगी लागतो, सुरवंट पक्ष्यानं खाल्ला तर त्याहून थोडा पक्ष्याच्या. दर पायरीला ढोबळमानानं एक दशांश पुढे जातं, बाकीचं उष्णता होऊन निघून जातं. रेमंड लिंडमन नावाच्या तरुणानं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका छोट्या दलदली तळ्याचा असा जमाखर्च मांडला. त्याचा निबंध १९४२ साली छापून आला, पण तो बघायला लिंडमन उरला नव्हता. २६ वर्षांचा असताना, काही महिने आधीच तो गेला. निसर्गाकडे ऊर्जेच्या हिशेबानं बघण्याची आजची रीत बरीचशी त्या पोरानं घालून दिलेली आहे.

पण जंगलात सुरवंट आणि माकडं खातात तो वाटा लहान. बहुतेक पानं न खाल्ली जाता खाली पडतात. त्यांच्यावर बुरशी, जिवाणू, गांडुळं आणि वाळवी जगते. पहिल्या पावसानंतर वारुळाजवळ अळंबी फुटतात, त्या तुम्ही खाल्ल्या असतील. आपल्याकडच्या काही वाळव्या वारुळात बुरशीची शेती करतात. पाला, काटक्या चावून आत नेतात, त्यावर बुरशी पोसतात आणि ती खातात. त्या बुरशीचं फळ म्हणजे ती अळंबी. म्हणजे आषाढात तुमच्या ताटात आलेलं कालवण हे मुळात ऐनाचा पातेराच, वाळवी आणि बुरशी या दोघांच्या हातून गेलेला.

थंडीत पहाटे उकिरड्यात हात घालून बघा. आत कोमट लागतं, वर वाफ दिसते. ते गेल्या पावसाळ्यातलं ऊन आहे, आता निघून चाललेलं. ते परत धरता येत नाही. ऊर्जेची वाट एकेरी आहे, रोज नवं ऊन लागतं, आणि सुदैवानं ते रोज येतं. खतद्रव्यांचं तसं नाही.

राबात जाळ करतो तेव्हा वाळवी जे काम वर्षभर करते ते एका दुपारी उरकतं. कार्बनचं काय होतं? वाळलेल्या पाल्यात वजनाच्या जवळपास निम्मा कार्बन. तो धुराबरोबर जातो, थोडासा कोळसा होऊन मातीत राहतो. पुढच्या पावसाळ्यात ऐन पुन्हा फुटला, तर तेवढा कार्बन हवेतून परत ओढून घेतो. फुटलाच नाही, तर घेत नाही. राबाच्या धुराची आणि दगडी कोळशाच्या धुराची तुलना करणाऱ्यांनी हा 'तर' विसरू नये. दगडी कोळशाचा कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता, त्याला परत ओढणारं झाड त्या फेऱ्यात नाही.

नत्र, म्हणजे नायट्रोजन, उडतो. साधारण २०० अंशांच्या पुढे गेलं की तो वायू होऊन निघू लागतो. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांना मात्र साडेसातशे अंशांच्या पुढची धग लागते, म्हणून ते बहुतांशी राखेत उरतात. चुना तर राहतोच. ऐनाच्या सालीत तो इतका असतो की तिची राख पूर्वी काही भागांत विड्याला चुन्याच्या जागी लावत. आपल्या आंबट, म्हणजे आम्लधर्मी, जांभ्या मातीत ही राख पडली की माती थोडी गोडावते.

मग प्रश्न येतो, नत्र उडून गेला तरी राबातला तरवा (भाताची रोपं) एवढा काळाभोर हिरवा कसा? १९१२ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी राबावर एक सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. शेतकऱ्याची ही रीत अडाणीपणाची म्हणून बाजूला न सारता तिच्यातला कार्यकारणभाव त्यांनी शोधला, याबद्दल मला त्या तिघांविषयी मनापासून आदर आहे. गोष्ट राखेपुरती नसते. धगीनं मातीच बदलते. मातीतल्या सेंद्रिय द्रव्यात अडकलेला नत्र मोकळा होऊन रोपाला मिळू लागतो, आणि तणाचं बी मरतं. म्हणून तर मातीची पसर आणि सावकाश जाळ! आजी पायानं जमिनीची धग बघायची, ती यातलंच काहीतरी जाणत होती.

आता त्या दोन पानांकडे परत येतो. पान गळायच्या आधी झाड त्यातला नत्र आणि स्फुरद आत ओढून घेतं, ढोबळमानानं निम्मा. फांदीत, खोडात ठेवतं आणि नव्या पालवीला वापरतं. तुमच्या हातातलं तपकिरी पान झाडानं आधीच रिकामं केलेलं आहे. हिरवं अजून भरलेलं आहे. कवळ तोडतो तेव्हा आपण भरलेलं पान नेतो. झाडाची साठवण त्याच्या हातात पडायच्या आत आपण उचलतो. वर्षाआड विश्रांती दिली तर ऐन हे सोसतो. दरवर्षी शेंड्यापर्यंत सोलला तर त्याचा खुंट होतो, असे खुंट तुम्ही रस्त्यानं जाताना पाहिले आहेत.

दाढीचं क्षेत्र लहान असतं, लावणीच्या शेताच्या दहाव्या हिश्शाएवढं. पण तेवढ्यासाठी खाचराच्या वरचा उतार, आपला वरकस, दरवर्षी रिकामा होत होता. वरकसानं द्यायचं, खाचरानं घ्यायचं. इंग्रज सरकारच्या जंगल खात्यानं कवळतोडीवर बंधनं आणली तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत केवढा असंतोष झाला! आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ चा. शेतकऱ्याचं म्हणणं खरं होतं, राबाशिवाय त्याचा तरवा होत नव्हता. झाडांची दशा होत होती हेही खरं होतं. खाचर आणि वरकस एकाच हिशेबात धरून बोलणारं त्या भांडणात कमीच होतं, आणि आजही कमीच आहे.

म्हणून मला कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीचं मोल वाटतं. तरव्याला भाताच्या तुसाची काळी राख द्या, असं ती सांगते. तुसात सिलिका भरपूर असते, तिनं रोप ताठ होतं, आणि तूस तर भाताचंच, त्याच खाचरातून आलेलं. नत्रासाठी बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा, त्याचा पाला चिखलात गाडा. गिरिपुष्पाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडतात. राबात उडालेला नत्र तसाच, फुकट, हवेतून परत आणता येतो. भातानंतर ओलीवर वाल टाकतो तेव्हा आपण नकळत हेच करतो.

स्फुरदाला मात्र आकाशाची वाट नाही. तो दगडातून झिजून येतो, फार हळू, आणि जांभ्यातलं लोखंड त्याला असं घट्ट धरतं की मुळांना तो सहज सुटत नाही. त्यातला पुष्कळसा दाण्यात जातो. भाताचं पोतं विकलं की स्फुरद गावाबाहेर गेला. मुंबईत ते जेवलं गेलं, गटारातून खाडीत, खाडीतून समुद्रात. तिथून तो पुन्हा डोंगरावर यायचा तर समुद्राचा तळ उचलला जावा लागेल, त्याला लाखो, कोट्यवधी वर्षं लागतात.

एक आखूड वाट मात्र आपल्या किनाऱ्यावर होती. समुद्रात वाहून गेलेलं द्रव्य शेवाळानं घ्यायचं, शेवाळ बारीक जिवांनी, त्यांना तारलीनं. जास्तीची मासळी वाळवून तिचं खत माडांच्या आळ्यात पडायचं. लहानपणी आमच्या शेजारच्या वाडीत मी ते बघितलंय. पावसाआधी एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन यायची, आळ्यात मासळीचा चुरा ओतायची, वर माती ओढायची आणि पाटी झटकून उन्हात पालथी घालायची. चार दिवस वाडीला त्याचा वास यायचा.