निळा घोडा दारात मावला नाही तेव्हा

हे गुलाब दिसतायत ना, हा इटलीतल्या त्रिएस्ते शहराचा सान जोव्हान्नीचा परिसर. आता इथे कोणीही फिरायला येतं. १९७१ साली डॉ. फ्रँको बझालिया इथे डायरेक्टर म्हणून आले तेव्हा हे मनोरुग्णालय होतं आणि आत जवळपास १२०० माणसं होती, त्यातली बरीचशी स्वतःच्या मर्जीविरुद्ध.

कारण १९०४ चा कायदा. माणसाला काय त्रास होतोय, कशाने बरं वाटेल, हे त्यात कोणी विचारतच नव्हतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोकादायक, नाहीतर चारचौघांत लाज आणणारा, एवढं ठरलं की टाका आत! वर कोर्टाच्या रेकॉर्डला नोंद, गुन्हेगारांची असते तशी, आणि हे १९६८ पर्यंत चाललं.

आता हा घोडा बघा. लाकूड, कागदाचा लगदा आणि निळा रंग, नाव मार्को काव्हालो. खरा मार्को हा घोडा हॉस्पिटलच्या कपड्यांची गाडी ओढायचा, त्याचं नाव याला दिलं. १९७३ मध्ये पेशंट आणि कलाकारांनी मिळून बनवला, पोटात पेशंटच्या इच्छा ठेवल्या, आणि बाहेर काढायला गेले तर एवढा उंच की दारातून जाईना, शेवटी दार फोडावं लागलं. मला तर हे दृश्य कितीही वेळा बघितलं तरी पुरत नाही.

१३ मे १९७८ ला कायदा नंबर १८० आला. जबरदस्तीने दाखल करायचं तर आधी दोन डॉक्टर, मग महापौरांची ऑर्डर, ४८ तासांत कागद न्यायाधीशांकडे, आणि मुदत ७ दिवस, गरज असेल तर वाढवायची. प्रश्नच बदलला बघा, हा धोकादायक आहे का हे नाही, तर याला तातडीने उपचार हवेत का, तो नको म्हणतोय का, आणि हॉस्पिटलबाहेर ते देता येतील का.

हिंसा होतच नाही असं नाही. १९६८ मध्ये गोरित्सिया शहरात, बझालिया त्रिएस्तेच्या आधी ज्या हॉस्पिटलमध्ये होते तिथून एका दिवसासाठी घरी गेलेल्या पेशंटने बायकोचा खून केला, बझालियांवर खटला चालला, ते निर्दोष सुटले. पण मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कधीच कोणावर हात उचलत नाहीत, दारू, ड्रग्ज आणि आधी केलेली मारहाण यांनी धोका जास्त वाढतो, नुसत्या आजाराच्या नावावरून तो कळत नाही.

आता घोडा रस्त्यावर आलाय. त्याच्या मागे चालणारी माणसं बघा, यातलं पेशंट कोण आणि डॉक्टर कोण.