दुखणं आणि आकडा

नमस्कार श्रोतेहो.

गणपतीतली दुसरी रात्र. भजनाची मंडळी उसळ-पाव खाऊन पुढच्या घरी गेली होती आणि मी मागच्या पडवीत भांडी घासत होते. डाव्या छातीत, कुणी बोट रुतवून धरावं तसं दुखायला लागलं. श्वास ओढला की जास्त. मी २७ वर्षांची होते, सिंधुदुर्गातल्या शिरोड्याजवळच्या एका शाळेत शिकवत होते, आतापर्यंत तापाशिवाय दवाखान्याची पायरी चढले नव्हते. आजीनं ओव्याचं पाणी दिलं, म्हणाली, "गॅस झालो असतलो." रात्रभर मी छताच्या वाशांकडे बघत पडून राहिले. घरात चौदा माणसं झोपलेली, कुणाला उठवायचं?

सकाळी दवाखान्यात ईसीजी काढला, तो ठीक होता. बीपी मात्र १६८/१०४. डॉक्टर म्हणाले, "घाबरलात म्हणून वाढलाय. ह्या वयात कुठला बीपी! टेन्शन घेऊ नका." दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी दिली. माझा विश्वास बसला, कारण मलाही तेच ऐकायचं होतं. आकडा मी विसरून गेले. पुन्हा बीपी मोजा, असं कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढचे तीन महिने मी दुखण्याच्या मागे होते. फळ्यावर लिहिताना हात वर केला की कळ, कळशी उचलली की कळ. दुखलं की मेडिकलमधून तीच गोळी. मग शाळेत आरोग्य तपासणी आली. मुलांचं आटोपल्यावर आरोग्यसेविकेनं आम्हा शिक्षकांनाही बसवलं. माझा बीपी तिनं तीनदा घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, उद्या आरोग्य केंद्रात याच." १७२/१०८ होता.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी माझ्या छातीच्या मधल्या हाडालगत एकेक फासळी बोटानं दाबत नेली. तिसऱ्या-चौथ्या फासळीपाशी मी कळवळले. "हेच दुखतं ना?" अगदी तेच. फासळ्या छातीच्या हाडाला कूर्चेनं, म्हणजे लवचीक मऊ हाडानं, जोडलेल्या असतात, तिथे सूज आली की असं दुखतं. बाई म्हणाल्या, "हे दुखणं तुमच्या बीपीमुळे नाही. आणि तुमचा बीपी दुखत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरीचा अंदाज करू नका."

त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली: दुखण्यावर काय घेता? मी डायक्लोफिनॅकची पट्टी दाखवली. ह्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवायला लावतात आणि त्यानं बीपी चढतो. ज्या आकड्याकडे मी बघत नव्हते, त्याला मीच रोज खतपाणी घालत होते. सर्दीच्या काही गोळ्या, ताकद वाढवण्याची काही औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, इतकंच काय, घसा बसला की आपण चघळतो ते ज्येष्ठमधसुद्धा बीपी वाढवू शकतं. शिकवून शिकवून माझा घसा नेहमी बसलेला, त्यामुळे ज्येष्ठमधाची कांडी पर्समध्ये कायम असायची.

चाळिशीच्या आत बीपी सापडला की कारण शोधावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. दोन्ही दंडांचा बीपी घेतला, जांघेतली नाडी तपासली, कारण महाधमनी जन्मतः एखाद्या जागी अरुंद असेल तर ती नाडी मंद लागते. लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन, पोटॅशियम, थायरॉइड, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, हृदयाचा इको. रात्री घोरता का, हेही विचारलं. माझ्यात काही सापडलं नाही. बाबांना ३८व्या वर्षी गोळी सुरू झाली होती, तोच वारसा. पण कुणाकुणाला मूत्रपिंडाचा किंवा ग्रंथीचा आजार सापडतो आणि त्यावर उपचार झाले की बीपी उतरतो. म्हणून "तरुण आहेस, सोडून दे" ह्या वाक्याचा मला आजही राग येतो. तरुण आहे म्हणूनच जास्त शोधायला हवं.

बीपीची गोळी सुरू झाली, ॲम्लोडिपिन. आणि सगळ्यांत मोठी चूक मी त्यानंतर केली. छातीत दुखेल त्या दिवशी गोळी घ्यायची, बरं वाटेल त्या दिवशी नाही. दीड महिना. मला ते शहाणपणाचं वाटत होतं, उगाच औषध कशाला! कूर्चेची सूज उतरत गेली तशी गोळी पूर्णच सुटली. पुढच्या खेपेला आकडा जवळजवळ होता तिथेच. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. वही काढून त्यांनी मला दुखण्याच्या तारखा एका बाजूला आणि बीपीचे आकडे दुसऱ्या बाजूला लिहायला लावले. महिन्याभरानं मी ती पानं समोर ठेवली, तर दोहोंचा काही मेळच नव्हता. चांगल्या वाटणाऱ्या दिवसांत १६०, दुखऱ्या दिवशी १३४.

आता मोजण्याविषयी, कारण इथे घोळ फार होतो. चहा, तंबाखू, मिश्री यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, मनगटावरच्या यंत्रापेक्षा दंडाचं बरं. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा घ्या. सकाळ-संध्याकाळ असं आठवडाभर घेऊन सरासरी काढली आणि ती घरी १३५/८५ किंवा त्यावर आली, तर तो बीपी दवाखान्याच्या भीतीचा नव्हे. हाटातून सामान घेऊन आल्या आल्या घेतलेला आकडा लिहूच नका.

मिठाविषयी बोलताना माझा जीव थोडा दुखतो. आमच्या शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, माझे पणजोबा त्याच मिठागरांत राबले. मीठ आमच्या घरात नुसतं चवीचं नाही, ते पोटापाण्याचं होतं. पण दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमचं ताट आठवा: पेजेबरोबर खारातली मिरची, सुका बांगडा, सोड्याची भाजी, पापड, लोणचं, सोलकढी. चमचा न्याहारीलाच संपतो. खडे मीठ किंवा सैंधव घेतलं म्हणून फरक पडत नाही, त्यातही बीपी वाढवणारं सोडियमच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. आमच्याकडे आता आमटीत मीठ अर्धं पडतं, वर कोकम आणि तिरफळ जास्त. आजी पहिले पंधरा दिवस जेवताना काही बोलली नाही, नुसतं ताट सरकवायची. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, "माका आता भायरचा खारट लागता."

पण श्रोतेहो, माझ्या फासळीची गोष्ट ऐकून कुणी छातीतलं दुखणं घरी बसून दाबून बघू नका. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणारी कळ, थंड घाम, धाप, मळमळ, यांपैकी काही असेल तर वय विचारू नका. १०८ला फोन करा. स्कूटरच्या मागे बसवून नेऊ नका. पहिला ईसीजी चांगला आला तरी डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा, कारण ईसीजी पुन्हा काढावा लागतो, हृदयाला इजा झाली का ते सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांनी परत करावी लागते. आपल्याकडे गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंतचा रस्ता किती लांब वाटतो, ते ज्यांनी कुणाला नेलंय त्यांना माहीत आहे. म्हणून घरून निघायला उशीर नको.

आणि गोळ्यांना पैसे नाहीत म्हणून थांबू नका. २०१७ साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग होता. सरकारी आरोग्य केंद्रात ह्या गोळ्या मोफत मिळतात.

एक गोष्ट राहिली, ती बोलायला मला वेळ लागला. घरात माझ्या लग्नाचं बघत होते. आई म्हणाली, "बीपीचं कुणाला सांगू नको, ठरलं की मग बघू." काकीनं गोळ्यांचा डबा पाहुणे यायच्या आधी कपाटात ठेवला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे मुलीचं एवढ्याशा कारणानं मोडतं. पण लपवायचं म्हणजे गोळी चुकणार. शिवाय मूल हवं असेल तर आधीपासून डॉक्टरांशी बोलावं लागतं, काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बदलाव्या लागतात. हे सगळं लपवून कसं होणार? दोन ठिकाणी मी सांगितलं, दोन्हीकडून निरोप आला नाही. आई त्या दिवसांत माझ्याशी कमी बोलायची.

तिसऱ्यांदा मुलगा एकटाच आला होता, वेंगुर्ल्याचा, बोटीच्या इंजिनाची कामं करतो. मी चहा ठेवला आणि तिथेच सांगून टाकलं, वहीसुद्धा दाखवली. त्यानं पानं उलटून पाहिली. मग विचारलं, "सकाळची गोळी जेवणाआधी की नंतर? म्हणजे आईला सांगून ठेवतो."

ती वही आता त्यांच्या घरातल्या खुंटीवर टांगलेली आहे. त्याच्या आईचे आकडेही मागच्या पानावर आम्ही लिहायला लागलोय.

नमस्कार.