वजन टाकलं की ॲप बंद

पत्र्यावर पाऊस एवढा वाजतोय की मागच्यांना काही ऐकू येत नसेल, पुढे सरका जरा. मी देवगडचा, त्यामुळे रत्नागिरीत उभं राहून कुठला हापूस भारी हा विषय मी काढणार नाही, मला धड घरी जायचंय. आज सांगायचंय ते ॲपची टेस्टिंग हाताने न करता मशीनकडून कशी करून घ्यायची ते.

तर आमच्या काकांसाठी आणि त्यांच्या ओळखीतल्या आठदहा बागायतदारांसाठी मी एक छोटं अँड्रॉइड ॲप केलं होतं, पेटीचं वजन, डझन, गिऱ्हाईक एवढंच. टेस्टिंग म्हणजे काय, तर रिलीजच्या आदल्या रात्री मी आणि एक मित्र, दोघांचे दोन फोन, वहीत लिहिलेल्या तीसेक गोष्टी एकेक दाबून बघायच्या, आणि खरं सांगतो, विसाव्या गोष्टीनंतर आम्ही न दाबताच टिक करायचो. एप्रिलात, ऐन सीझनला, काकांचा फोन. "तुझा ता ॲप वजन घातलंय काय बंद पडता रे!" मी माझ्या फोनवर टाकलं, चालतंय. मित्राच्याही चालतंय. काकांना म्हटलं तुमचा फोन जुना झालाय. (हे वाक्य डेव्हलपरने कधी बोलू नये, पण सगळे बोलतात.)

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तर फोन मराठीत. संपलं. आमचे दोन्ही फोन इंग्रजीत होते ना! झालं होतं असं, की वजन एका दशांशापर्यंत दाखवायला मी स्ट्रिंग डॉट फॉरमॅट, म्हणजे आकड्याचा मजकूर करून देणारी कोडमधली तयार सोय, वापरली होती, तिला भाषा सांगितली नाही तर ती फोनची भाषा उचलते, आणि मराठीत फोन असला की आकडेही देवनागरी देते. म्हणजे चौकटीत आलं "१५.५", दिसायला एकदम छान, पण तेच परत वाचून मी टोटल काढत होतो आणि दशांशाचा देवनागरी आकडा कॉटलिनच्या (ॲप ज्या भाषेत लिहिलं ती) टू-डबलला, म्हणजे मजकुरातून दशांश आकडा वाचणाऱ्याला, कळत नाही, हा नंबरच नाही म्हणून तो एक्सेप्शन फेकतो, म्हणजे चूक दाखवतो आणि ॲप बंद पडतं. गंमत म्हणजे पूर्णांक वाचणाऱ्या टू-इंटला देवनागरी कळतं! "१५" त्याने निमूट वाचलं असतं, म्हणून डझनाची चौकट चालायची आणि वजनाची पडायची. उपाय एका ओळीचा: माणसाला दाखवायचा आकडा त्याच्या भाषेत, मशीनला वाचायचा आकडा कायम लोकेल डॉट यूएस देऊन, म्हणजे इंग्रजी आकड्यांत.

त्या दिवशी ठरवलं, वही बंद. आता मी कोड पुश केला, म्हणजे इंटरनेटवर चढवला, की कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर एक कोरं मशीन उघडतं, ग्रेडल नावाचं टूल ॲप बांधतं, आधी युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या छोट्या छोट्या तुकड्यांच्या टेस्ट, धावतात, त्यांना फोन लागत नाही, सेकंदांत उरकतात, मग एम्युलेटर, म्हणजे मशीनमधला खोटा फोन, सुरू होतो, त्याला वेळ लागतो, चहा होतो तेवढ्यात, आणि एस्प्रेसो नावाचं टेस्टिंगचं टूल आपल्यासारखीच बटणं दाबत जातं. हे दोनदा होतं, एकदा इंग्रजी फोन धरून, एकदा मराठी. सगळं पास झालं तरच डिजिटल सही होऊन बिल्ड, म्हणजे बांधून तयार झालेलं ॲप, प्ले स्टोअरच्या इंटरनल टेस्टिंगला, म्हणजे आधी मोजक्या लोकांकडे, जातं. इथे लाईट गेली तरी त्याचं काही अडत नाही, आणि पावसाळ्यात इथे ती किती वेळा जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. आयफोनचं बिल्ड मात्र मॅकशिवाय होत नाही, भाड्याचा मॅक महाग पडतो, म्हणून मी तो नाद सोडला.

सहीवरून आठवलं. ही सही ज्या गुप्त किल्लीने, म्हणजे कीने, होते ती ज्या फाइलमध्ये असते ते कीस्टोअर एकाच लॅपटॉपवर ठेवू नका, आमच्याकडे मे अखेरीस एक वीज कडाडली तर राऊटरसकट सगळं जातं. २०१७ च्या आधी की हरवली म्हणजे त्या ॲपला अपडेटच देता येत नसे, नव्या नावाने नवीन ॲप टाका आणि गिऱ्हाइकांना परत इन्स्टॉल करायला सांगा. त्या वर्षी प्ले ॲप सायनिंग, म्हणजे शेवटची सही गूगलनेच करायची सोय, आली आणि ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपना ती घ्यावीच लागते, म्हणजे खरी की गूगलकडे, आपल्याकडे फक्त अपलोडची, ती गेली तर बदलून मिळते. तरी बॅकअप ठेवाच.

आणि सगळ्यात वात आणते ती कधी पास कधी नापास होणारी टेस्ट. माझ्या निम्म्या अशाच होत्या, कारण मी "दोन सेकंद थांब" असं लिहिलेलं, सर्व्हर मंद असला की दोन सेकंद पुरत नाहीत. किती थांबायचं ते सांगू नका, कशासाठी थांबायचं ते सांगा, आणि एम्युलेटरची ॲनिमेशन्स बंद करा. अशी टेस्ट तशीच ठेवली ना, तर लाल दिवा दिसला तरी माणूस "परत चालव" म्हणतो आणि खरी चूक त्यातच सटकून जाते, माझी एक गेलीय.

बाकी गेल्या सीझनला सगळं हिरवं होतं, एकही क्रॅश नाही, आणि काकांचा फोन आलाच. पेट्या भरताना हाताला आंब्याचा चीक, त्या बोटाने सेव्हचं बटण लागत नाही, शेजारचं डिलीट लागतं. एम्युलेटरच्या बोटाला चीक लागत नाही हो. ती दोन बटणं आता स्क्रीनच्या दोन टोकांना आहेत, आणि एप्रिलात मी स्वतः पेट्या भरायला बसणार आहे, फोन घेऊन.