आधी ऐकू येते, मग दिसते

(दृश्य : अंधेरीतील संकलन कक्ष)

अंधेरीच्या या संकलन कक्षात एका थरारपटाची पहिली तीन मिनिटे आकार घेत आहेत. पडद्यावर दादरच्या जुन्या चाळीचा लाकडी जिना आहे, पावसाळी रात्र आहे आणि जिना चढणारी दोन पावले आहेत. चेहरा अजून दाखवलेला नाही. संकलकाने आवाज बंद केला की कोणीतरी कामावरून उशिरा घरी परतत आहे, एवढेच वाटते. आवाज सुरू केला की पहिल्या मजल्यावरच्या बंद दाराआडून रेडिओ ऐकू येतो, पावले त्या दाराशी पोहोचताच तो बंद होतो, आणि आत कोणीतरी जागे असून कानोसा घेत आहे हे प्रेक्षकाच्या ध्यानात येते. जिना चढणाऱ्याला मात्र त्याचा पत्ता नाही. उत्कंठा जन्मते ती प्रेक्षकाला ठाऊक असलेल्या आणि पात्राला ठाऊक नसलेल्या गोष्टींमधल्या या अंतरातून.

(दृश्य : फळ्यावर रेखाटन काढणारा संकलक)

संकलक फळ्यावर काढून दाखवतो तो आराखडा दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या 1958 च्या ‘टच ऑफ ईव्हिल’चा आहे. एक हात बॉम्बचे घड्याळ लावतो, बॉम्ब मोटारीच्या डिकीत ठेवतो, आणि तीन मिनिटांहून अधिक काळ कॅमेरा कुठेही न तुटता, छपरांवरून तरंगत, त्या मोटारीच्या आणि तिच्या आजूबाजूने चालणाऱ्या नवविवाहित जोडप्याच्या मागे सीमेवरच्या गावातून फिरत राहतो. या दृश्याची वाहवा कॅमेऱ्याच्या वाट्याला आली. पण प्रदर्शनाच्या वेळी स्टुडिओने त्यावर श्रेयनामावली आणि पार्श्वसंगीत चढवले होते, ज्याला वेल्स यांचा विरोध होता. 1998 मध्ये संकलक व ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्च यांनी वेल्स यांच्या टिपणाच्या आधारे चित्रपट पुन्हा संकलित केला, तेव्हा ही दोन्ही आवरणे दूर झाली आणि त्यांच्या जागी रस्त्यावरच्या क्लबांतले व मोटारींच्या रेडिओवरचे संगीत आले. बॉम्ब असलेली मोटार कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेली तरी कान तिचा माग काढत राहतो.

(दृश्य : फोली स्टुडिओ, म्हणजे पडद्यावरच्या हालचालींचे आवाज नव्याने निर्माण करून मुद्रित करण्याची खोली; जमिनीत बसवलेले लादी, लाकूड, वाळू आणि खडीचे चौकोन)

दादरच्या जिन्यावरची पावले प्रत्यक्षात इथे, वातानुकूलन यंत्रही बंद ठेवलेल्या या खोलीत चालली आहेत. चित्रीकरणाच्या वेळी जिन्यावर पावसाचा आणि रस्त्याचा इतका गोंगाट होता की ध्वनिमुद्रणातून पावले वेगळी काढणे शक्य नव्हते. फोली कलाकार पडद्यावरच्या पायांकडे पाहत, एकाच फळीवर उभा राहून, प्रत्येक पायरी पुन्हा ‘चढतो’. आधी चप्पल कोरडी होती. ती पाण्यात बुडवून घेतल्यावर टाच उचलताना येणारा चिकट आवाज मिळाला. सहाव्या पायरीवर तो वजन टाचेकडून चवड्यावर जरा उशिरा नेतो, तेवढ्याने माणूस बिचकला असे वाटते, आणि चेहरा न दाखवताही पात्राची मनःस्थिती प्रेक्षकापर्यंत पोहोचते. त्यानंतर कपड्यांची सळसळ, किल्ल्यांचा जुडगा आणि कडी-कोयंडा हे सारे स्वतंत्रपणे मुद्रित होते.

अंतराचे भान ही या शहराची जुनी विद्या आहे. बॉम्बे टॉकीजच्या 1949 च्या ‘महल’मधील ‘आएगा आनेवाला’च्या सुरुवातीच्या ओळी लता मंगेशकर यांनी दूरून मायक्रोफोनकडे चालत येत गायल्या, ही आठवण प्रसिद्ध आहे. कोण येत आहे हे दिसण्याआधी किती दूरून येत आहे, हे त्या ध्वनिमुद्रणाने ऐकवले.

दिग्दर्शक, कलावंत आणि संगीतकार यांची नावे या चित्रपटात याच पावलांवर उमटणार आहेत. ती पावले ज्याने निर्माण केली, त्याचे नाव मात्र अखेरच्या यादीत आहे. ते या पहिल्या तीन मिनिटांतच यायला हवे.

(दृश्य : संकलकाने बाजूला काढलेली चित्रफीत, अंधारात पेटलेली विडी)

या अंधाऱ्या जिन्यावर एका विडीचे टोक पेटते, असेही चित्रित झाले होते. तंबाखूचे दृश्य ठेवले की चित्रपटाच्या आरंभी किमान 30 सेकंदांची आरोग्यविषयक चित्रफीत व 20 सेकंदांची सूचना, मध्यंतरानंतर पुन्हा तेच, आणि विडी दिसत असेपर्यंत पडद्याच्या तळाशी ठळक अक्षरे असा नियम आहे. काळोखावर अक्षरे आली असती, तर प्रेक्षकाची नजर जिन्यावरून उतरून तिथेच खिळली असती. विडी वगळण्यात आली.

(दृश्य : ध्वनिमिश्रण)

शेवटचे ध्वनिमिश्रण दोनदा होते. चित्रपटगृहासाठीच्या मिश्रणात रेडिओ थांबल्यानंतर अतिशय खालच्या पट्टीतली एक घरघर सुरू होते, जी कानापेक्षा छातीत जाणवते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ती जवळजवळ वाजतच नाही. म्हणून ओटीटीसाठीच्या मिश्रणात तिच्या जोडीला थोडा वरच्या पट्टीतला ध्वनी मिसळला जातो आणि लाकडी पायऱ्यांची करकर किंचित पुढे आणली जाते.