गोटा टायर

[पोलादपूर, सकाळ. वायपरमागून दिसणारा नाका.]

हे पोलादपूर. मुंबई-गोवा महामार्गाने सरळ गेलं की कशेडी, डावीकडे वळलं की आंबेनळी घाटातून महाबळेश्वर. कशेडीला आता बोगदा झालाय. पाऊस मात्र बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी उभाच असतो.

नाक्यावरच्या या टायरच्या दुकानात आम्ही सकाळपासून बसलोय. गाडी जॅकवर चढते, दुकानदार चाकावरून हात फिरवतो. "दादा, नक्षी झिजून टायर पार गोटा झालेत."

[स्लो मोशन: पाण्यातून जाणारं चाक.]

हे नीट बघा. पाणी कसं बाजूला फेकलं जातंय! रस्त्यावरचं पाणी टायरच्या खाचांत शिरतं, तिथून बाहेर पडतं, आणि मग कुठे रबर डांबराला टेकतं. नव्या टायरची खाच साधारण 8 मिलिमीटर खोल. ती 1.6 वर आली की कायद्याने टायर बाद. मोजायला पट्टी नको. खाचेच्या तळाशी हा आडवा उंचवटा दिसतोय ना? नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली, की टायर संपला.

खाचाच उरल्या नाहीत तर पाण्याने जायचं कुठून? वेग असला की चाक पाण्यावर चढतं. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा ब्रेकवर उभं राहायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं.

[टायरच्या बाजूवरचे आकडे.]

2318. म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. ही दुसरी गाडी वर्षभर इमारतीखाली झाकून ठेवलेली, गणपतीला तेवढी बाहेर निघते. नक्षी शाबूत आहे. पण एवढ्या वर्षांत रबर कडक झालंय, बारीक भेगा दिसतायत. ओल्या रस्त्यावर असं रबर धरत नाही.

आणि हवा. 'पावसात थोडी कमीच ठेवा,' असं सांगणारा प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो. त्याचं ऐकू नका. हवा कमी असली की पाणी बाहेर ढकलायची टायरची ताकदच कमी होते. दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर लिहिलीय तेवढी भरा.

[घाट, धुकं.]

उतारावर खालचा गिअर. न्यूट्रल मारून डिझेल वाचवायचं नाही. धुक्यात डिपर, म्हणजे हेडलाइटचा खालचा झोत. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावले तर तुम्ही वळताय हे मागच्याला कळणार कसं?

[तुटलेला कठडा.]

इथून एक गाडी खाली गेली होती.

[पुन्हा दुकान.]

चारही टायर बदलून झाले. काढलेले भिंतीशी रचले जातायत. तेवढ्यात एक पिकअपवाला टपरीवरून चहा घेऊन येतो, रचलेल्यांतला एक टायर उलटापालटा करून बघतो.

"हा केवढ्याला?"